सहा नंबरच्या लॉरीतली खराबी

अंबरपेठेत ज्याची लॉरी सकाळी धड चालू व्हायची नाही, तो अंबाजीला बोलवायचा. अंबाजी यायचा, बॉनेट न उघडता आधी पाच मिनिटं नुसता ऐकत उभा राहायचा, धुराचा रंग बघायचा, मग एकच पाना मागून घ्यायचा. लोक म्हणायचे, हिम्मतरावांच्या कारखान्यातला मिस्त्री आहे, ज्याने सहा नंबरची लॉरी बरी केली तोच हा. याच्याच उस्तादाने मुद्दाम घालून ठेवलेली खराबी यानेच शोधून काढली. हे बोलणं कानावर पडलं की अंबाजी मान खाली घालून हात पुसायला लागायचा. माणूस लाजाळू आहे, असं लोकांना वाटायचं.

तो नांदेडकडच्या एका खेड्यातून आलेला. तीन भावांत जमीन वाटली गेल्यावर त्याच्या वाट्याला आलेला तुकडा त्याने थोरल्याला दिला आणि बायकोला, भामाला, घेऊन बाविसाव्या वर्षी हैदराबादेत आला. दुसरी मोठी लढाई सुरू होऊन वर्ष झालं होतं. पेट्रोल मिळेना, म्हणून लॉऱ्यांच्या मागे कोळशाच्या भट्ट्या लावून गॅसवर गाड्या हाकत असत. हिम्मतरावांच्या नऊ लॉऱ्यांपैकी सात तशाच धापा टाकत चालायच्या. दोन मात्र डिझेलच्या होत्या, लढाईच्या आधी विलायतेहून आलेल्या. त्यांना हात लावणारा माणूस कारखान्यात एकच होता, बुऱ्हान उस्ताद.

उस्ताद परभणीच्या एका जिनिंग मिलमध्ये ऑइल इंजिनं चालवत म्हातारपणाकडे झुकलेला माणूस. बायको वारलेली, एकुलती मुलगी सुग्रा गुलबर्ग्याला दिलेली. गोलनाक्याला एका खोलीत राहायचा. उंच, किडकिडीत, दाढी मेंदीने रंगवलेली. पहिल्या दिवशी त्याने अंबाजीच्या हाताकडे बघितलं आणि म्हणाला, "खेती का हात है. वजन जानता है. चलेगा." मग आठ वर्षं अंबाजी त्याच्या हाताखाली राहिला. डिझेलचा फवारा सोडणारं नोझल कसं धुवायचं, पाइपातली हवा कशी काढायची, इंजिन ठोकायला लागलं तर आवाज वरून येतोय की खालून हे लाकडाची काठी कानाला लावून कसं ओळखायचं, सगळं त्याने शिकवलं. रागवायचा क्वचित. चुकलं तर म्हणायचा, "हल्लू रे, हल्लू. कायकू जल्दी है? लोहा कहाँ भागके जारा?"

एक नियम मात्र त्याने कधी मोडला नाही. गिअरबॉक्स कुणीही जुळवू दे, झाकण बसायच्या आधी उस्ताद स्वतः येऊन एकेक गिअर हाताने टाकून बघायचा. डोळे मिटून बघायचा.

अठ्ठेचाळीस सालचा ऑगस्ट महिना. हैदराबादच्या भोवती नाकेबंदी पडली होती. मुंबईहून सुटे भाग यायचे बंद झाले होते. बॉल बेअरिंग नाही, पॅकिंग नाही, साधा पितळी नट मिळायची मारामार. रस्त्यांवर रझाकारांच्या गाड्या फिरायच्या आणि हिंदू घरांतली माणसं बायकापोरांना मिळेल त्या गाडीने सोलापूरकडे पाठवत होती. हिम्मतरावांनाही घरची मंडळी गावी पोचवायची होती. त्यांचा सगळा भरवसा सहा नंबरच्या डिझेल लॉरीवर, आणि नेमकी तिचीच गिअरबॉक्स उघडून पडलेली.

गिअर टाकला की तो जागेवर धरून ठेवायला आतल्या दांडीच्या खाचेत एक पोलादी गोळी बसते आणि त्या गोळीवर बोटाएवढी स्प्रिंग दाबते. स्प्रिंगमध्ये दम नसेल तर गोळी खाचेतून उडते आणि गाडी चालता चालता गिअर आपोआप सुटतो. सहा नंबरची तिसऱ्या गिअरची स्प्रिंग मोडली होती. अंबाजीने सगळे डबे पालथे घातले. तसली स्प्रिंग नव्हती. उस्ताद म्हणाला, "ढूँढते. चादरघाट के पुराने लोहेवालों के पास मिलेगी. आज नक्को बंद कर."

तेवढ्यात फाटकाशी रझाकारांची एक गाडी येऊन थांबली. बंदुका घेतलेले चौघे उतरले. गाडी गरम होते, आत्ताच्या आत्ता बघून दे म्हणाले. नाही म्हणायची सोय नव्हती. "पाच मिनट में आता," म्हणून उस्ताद गेला तो दोन तास अडकला. इकडे हिम्मतराव दर थोड्या वेळाने येऊन विचारायचे, "झालं का रे? अंबाजी, झालं का?" शेवटी अंबाजीने एका पेट्रोल लॉरीच्या जुन्या गिअरबॉक्समधली स्प्रिंग काढली. जाडी तीच होती, लांबी थोडी कमी. बसली. हाताने गिअर टाकून बघितला, बसतोय असं वाटलं. एवढी फेरी होऊन येऊ दे, नंतर चांगली घालू, असं त्याने मनाशी ठरवलं.

उस्ताद घामाने निथळत परत आला तेव्हा झाकण टेकवायचं तेवढं राहिलं होतं. त्याने नेहमीसारखे डोळे मिटून गिअर टाकले. पहिला, दुसरा. तिसऱ्यापाशी हात थांबला. पुन्हा टाकून बघितला.

"स्प्रिंग बदला क्या रे?"

"हौ उस्ताद. बदललो."

खोटं नव्हतं ते. उस्तादाने डोळे उघडून त्याच्याकडे बघितलं. फाटकाशी पुन्हा कुणीतरी हाका मारत होतं. "ठीक है. बंद कर," म्हणाला आणि गेला.

लॉरी हिम्मतरावांच्या मंडळींना सुखरूप पोचवून आली. सप्टेंबरात हिंदी फौजा आल्या, पाच दिवसांत सगळं आटोपलं, निजामाचं राज्य गेलं. अंबरपेठेत लोकांनी पेढे वाटले. त्याच दिवसांत गोलनाक्याला मुसलमानांच्या कित्येक घरांची दारं दिवसाही बंद असायची. उस्ताद मात्र रोज वेळेवर कामाला येत राहिला. आधीपेक्षा कमी बोलायचा, इतकंच. या सगळ्या धामधुमीत अंबाजी ती स्प्रिंग पार विसरला. रोज आठवून टाळत होता असंही नाही. खरोखरच विसरला.

नोव्हेंबरात सहा नंबरची लॉरी ज्वारीची पोती घेऊन बीदरहून येत होती. चालवायला हणमंतराव. उदगीरकडचा माणूस, पंचेचाळिशीचा, उस्तादाचा चौदा वर्षांपासूनचा दोस्त. दोघं एका ताटलीतून भजी खायचे आणि एकमेकांच्या भाषेची नक्कल करून भांडायचे. उतारावर हणमंतरावने तिसरा गिअर टाकून गाडी सोडली होती. अर्ध्या उतारात गिअर सुटला. मोकळी झालेली भरली गाडी सुसाट निघाली, जुने ब्रेक तिला पुरेनात. पुढे वळणावर बैलगाड्या दिसल्या म्हणून हणमंतरावने लॉरी डोंगराच्या कुशीत घातली. बैलगाडीवाले वाचले. हणमंतरावचा उजवा पाय गुडघ्याखाली चिरडला गेला. तो नंतर जुळला, पण वाकडाच.

लॉरी ओढून आणली त्या दिवशी हिम्मतराव कारखान्याच्या अंगणात खाटेवर बसले. सगळे कामगार भोवती उभे. कुणीतरी आधीच त्यांच्या कानाला लागलं होतं की बुऱ्हानमियाँ रझाकारांच्या गाड्या दुरुस्त करून द्यायचे, त्यांचं काय सांगावं.

"ही गिअरबॉक्स कुणी जुळवली होती?" हिम्मतरावांनी विचारलं.

हिम्मतरावांनी थेट अंबाजीकडे बघितलं. "तू सांग. तू होतास ना तिथं?"

अंबाजीला त्या क्षणी स्प्रिंग आठवली. ती दोन बोटांत धरून त्याने उजेडात बघितली होती, तेही आठवलं. भामा तेव्हा पोटुशी होती. आपण काय केलं, याचा अर्थ काय होईल, आपलं काय होईल, हे सगळं एकदम मनात आलं आणि त्याच्या तोंडून निघालं, "उस्तादांच्या देखरेखीखाली झालं होतं, मालक. त्यांनी बघितल्यावरच झाकण बसलं."

हेही खोटं नव्हतं.

उस्ताद त्याच्या डाव्या हाताला, चार पावलांवर उभा होता. त्याने अंबाजीकडे बघितलं. पुष्कळ वेळ बघत राहिला, असं अंबाजीला पुढे आयुष्यभर वाटत राहिलं. तसं ते क्षणभरच असेल. मग तो हिम्मतरावांना म्हणाला, "हौ साब. जिम्मेदारी मेरी थी. मैंने देखा था."

"मुद्दाम केलं का, बुऱ्हानमियाँ?"

उस्तादाने या प्रश्नाला उत्तरच दिलं नाही. कमरेची कारखान्याची किल्ली काढून खाटेच्या कडेला ठेवली, खुंटीवरचा कोट घेतला आणि फाटकातून बाहेर गेला. त्याच्या त्या गप्प राहण्याचा सगळ्यांनी एकच अर्थ लावला. दुसऱ्या दिवशी हिम्मतरावांनी अंबाजीला मिस्त्री केलं.

डिसेंबर लागला, थंडी पडली. आणि डागडुजी करून उभी केलेली तीच लॉरी सकाळी नखरे करायला लागली. हँडल मारून मारून चौघांचे खांदे दुखायचे तेव्हा इंजिन लागायचं. लागलं तरी रेस न देता स्लोवर उभं राहायचं नाही. आपोआप रेस व्हायचं, पडायचं, पुन्हा रेस व्हायचं, पांढरा धूर ओकत सगळी बॉडी खडखडा हलवायचं आणि मरायचं. अर्धा तास कसंबसं पायाने रेस धरून ठेवलं, इंजिन तापलं, की मग जसं काही झालंच नाही. दिवसभर घड्याळासारखं चालायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. त्यात तिसरा गिअर अजून सुटायचाच. अपघातानंतर दांडी सरळ केली, गिअर टाकायचा बाहेरचा दट्ट्या बदलला, तरी सुटायचा.

"जाता जाता हेही करून गेला म्हातारा," हिम्मतराव म्हणाले. "गिअरही घालवला, इंजिनही घालवलं. अंबाजी, शोधून काढ. कसला सूड उगवलाय बघ."

अंबाजीने तीन दिवस दुसरं काही केलं नाही. पहिल्या दिवशी पाइपात हवा जाते का ते बघितलं. टाकीपासून पंपापर्यंत एकेक जोड उघडून नवे तांब्याचे वॉशर घातले. फरक नाही. दुसऱ्या दिवशी नोझलं काढून धुतली, फवारा बघितला. नीट होता. वाल्व्हचं अंतर तपासलं, एकेका सिलिंडरचा दाब अंगठ्याने बघितला. सगळं जागच्या जागी. ज्या इंजिनात खोट आहे ते तापल्यावरही थोडंफार रडतंच. हे रडत नव्हतं. म्हणजे थंडीत कडक होणारं आणि ऊब लागली की सैल पडणारं काहीतरी यात आहे, इथवर तो पोचला. लोखंड असं करत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो गिअरबॉक्सकडे वळला. झाकण उघडलं, तिसऱ्या गिअरची गोळी काढली आणि स्प्रिंग तळहातावर घेतली. पेट्रोल लॉरीची, आखूड. त्यानेच घातलेली. दट्ट्या बदलताना, दांडी सरळ करताना तिच्या अवतीभवती सगळीकडे हात फिरला होता. तेवढी ती जागा उघडायचं प्रत्येक वेळी राहून गेलं होतं. का राहून गेलं, ते त्याचं त्याला आता कळलं. त्याने ती स्प्रिंग खिशात टाकली आणि नाकेबंदी उठल्यावर आलेल्या मालातली नवी बसवली.

मग तो पंपाच्या मागच्या गोल डबीपाशी आला. गव्हर्नरची डबी. इंजिनाच्या श्वासाच्या ओढीने आतला पातळ चामड्याचा पडदा मागेपुढे होतो आणि डिझेल किती सोडायचं ते ठरवतो. ही डबी उस्तादच उघडायचा. अंबाजीने पहिल्यांदाच स्क्रू काढले. चामडं वाळून खडखडीत झालं होतं. बोटाने दाबलं तर वाकेना, नुसतं कुरकुरलं.

तो तसाच बसून राहिला. दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला उस्ताद त्याला किराणा दुकानातून बाटलीभर एरंडेल आणायला सांगायचा. अंबाजी म्हणायचा, "गुडघे लई दुखायलेत का उस्ताद?" आणि उस्ताद हसून म्हणायचा, "हौ, किसी के तो दुखते." दिवाळी झाली की एका सकाळी डिझेल लॉऱ्यांपाशी काहीतरी करत बसलेला दिसायचा. अंबाजीने कधी जाऊन बघितलं नव्हतं. यंदा दिवाळीनंतर चार दिवसांत अपघात झाला आणि उस्ताद गेला. एरंडेल आणायला कुणी सांगितलंच नाही. कुणी काही बिघडवलं नव्हतं. ज्याने दरवर्षी काळजी घेतली तो माणूस यंदा इथे नव्हता, एवढंच झालं होतं.

अंबाजीने चामड्याला एरंडेल चोळलं, रात्रभर मुरू दिलं, सकाळी बसवलं. कडाक्याची थंडी होती. तिसऱ्या हँडलला इंजिन लागलं आणि स्लोवर शांत उभं राहिलं. हिम्मतराव शाल गुंडाळून बाहेर आले. त्यांनी लॉरीत बसून फाटकापासून गोलनाक्याच्या नाक्यापर्यंत चक्कर मारली. गिअर सुटला नाही. परत येऊन त्यांनी सगळ्यांसमोर अंबाजीच्या पाठीवर थाप मारली. "उस्तादाच्या वरचढ निघाला रे! त्याने घातलेली दोन्ही कुलपं उघडलीस."

सांगायचं असतं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. स्प्रिंग खिशात होती. अंबाजी म्हणाला, "तसं काही नाही, मालक." मालक हसले. आणि ती गोष्ट अंबरपेठेतून काचीगुड्यापर्यंत, तिथून बेगमपेठेतल्या लॉरीवाल्यांपर्यंत पोचली. उस्तादाला त्यानंतर शहरात कुणी पान्याला हात लावू दिला नाही.

भामाला त्याने सगळं सांगितलं ते बाळंत झाल्यावर, तेही तिने खोदून विचारलं म्हणून. तिने बाळाला खाली निजवलं. मग म्हणाली, "मग जा की. सांगा त्यांना."

"जातो."

उन्हाळ्यात एकदा ती बाजारातून आली आणि भाजीची पिशवी तशीच दारात ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली. "बाजाराच्या तोंडाला तुमचे उस्ताद बसलेत. जमिनीवर फडकं टाकून. स्टो दुरुस्त करायलेत, रॉकेलचे. मला बघून सलाम केला त्यांनी. बाळ कसं आहे विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही कधी जाणार आहात?"

तो दुसऱ्याच दिवशी गोलनाक्याला गेला. उस्तादाने त्याला खाटेवर बसवलं, शेजारून चहा मागवला. "सुना, तेरा नाम हुआ," म्हणाला. "अच्छा है. मेरा सिखाया हुआ लड़का है, सबको बोलता मैं." अंबाजीचा हात खिशातल्या स्प्रिंगपर्यंत गेला आणि परत आला. चहा पिऊन तो उठला. जाताना उस्तादाने दाराशी त्याचा दंड धरला, काही म्हणेल असं वाटलं, पण तो म्हणाला, "बच्चे को सर्दी से संभाल."

दसऱ्यानंतर तो पुन्हा गेला. या वेळी बसला नाही. उंबऱ्यातच उभं राहून खिशातली स्प्रिंग काढून उस्तादाच्या पुढे धरली आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. उस्तादाने स्प्रिंग घेतली, चष्मा लावून बघितली, बाजूला ठेवली.

"मालूम था," तो म्हणाला.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"उस दिन मेरे हाथ ने बोला, नरम है. तूने बोला, बदललो. मैंने हाथ की नहीं सुनी, तेरी सुनी." त्याने चष्मा उतरवला. "बत्तीस साल में पैलीच बार."

अंबाजीला रडू आलं. उस्तादाने त्याला रडू दिलं. मग अंबाजी म्हणाला, "मी उद्याच मालकाला सांगतो. सगळ्यांसमोर सांगतो."

"मालक-बिलक छोड. उसको बोलके अब क्या होता?" उस्ताद म्हणाला. "एक काम कर. हणमंतराव को बोल. उसका पाँव मैंने तोड़ा, ऐसा वो समझता. उसको बोल, बुऱ्हान ने नहीं किया. बस."

एवढंच मागितलं त्याने. आणि अंबाजीला नेमकं तेच जड गेलं. मालकासमोर कबूल करणं वेगळं. ज्याचा पाय आपल्यामुळे गेला, त्याच्या पुढ्यात जाऊन उभं राहणं वेगळं. हणमंतराव लॉरी सोडून उदगीरकडे भावाच्या गावी राहायला गेला होता. अंबाजीला कारणं सापडत गेली. काम फार आहे. बाळ आजारी आहे. नवीन राज्यघटना लागू व्हायची, तिच्या समारंभासाठी लॉऱ्या सजवायच्या आहेत. असे चार महिने गेले.

फेब्रुवारीत तो गेला. हणमंतराव ओसरीवर वाकडा पाय पुढे पसरून दोर वळत बसला होता. अंबाजीने सगळं सांगितलं, उस्तादाने दसऱ्यानंतरच पाठवलं होतं तेही. हणमंतरावने दोर वळायचं थांबवलं नाही. ऐकून झाल्यावर म्हणाला, "माझ्या पायाचं राहू दे. गाडी म्हटली की हातपाय जायचेच. पण अंबाजी, तुला माहीत नाही मी काय केलंय ते." त्याचे हात आता थांबले. "मी दवाखान्यात होतो तेव्हा तो आला होता. डब्यात खिचडी घेऊन. मी त्याला आत येऊ दिलं नाही. सगळ्या वॉर्डासमोर त्याला रझाकाराचा कुत्रा म्हणालो. तो डबा दाराशी ठेवून गेला. तो डबाही मी फेकायला लावला."

अंबाजीने दोराचं भेंडोळं त्याच्या पायापासून बाजूला केलं.

"चल," हणमंतराव काठी शोधत म्हणाला. "मला घेऊन चल त्याच्याकडं. आजच."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं गोलनाक्याला पोचले. खोलीला कुलूप होतं. शेजारच्या बाईने सांगितलं, खोकला फार वाढला होता, मुलगी येऊन गुलबर्ग्याला घेऊन गेली. बारा दिवस झाले. हणमंतराव त्या बंद दाराच्या पायरीवर बसला. उठायलाच तयार होईना. गुलबर्ग्याला जायचं ठरलं, पण प्रवासाने त्याचा पाय सुजला होता. आठ दिवस अंबाजीच्या घरी पडून राहिला. भामाने शेक दिला, हळद लावली. नवव्या दिवशी निघायचं म्हणून अंबाजी शेजारणीकडे पत्ता विचारायला गेला, तर ती म्हणाली, कालच कार्ड आलं. बुऱ्हानमियाँ गुजर गये.

हणमंतराव त्याच दिवशी उदगीरला परत गेला. अंबाजी मोटारीपर्यंत पोचवायला गेला होता. गाडीत बसल्यावर हणमंतराव एवढंच म्हणाला, "चार महिने." त्यानंतर तो अंबाजीशी कधी बोलला नाही. अंबाजीने दोन पत्रं पाठवली, उत्तर आलं नाही.

मग अंबाजीने हिम्मतरावांनाही सांगितलं. उस्तादाने नको म्हटलं होतं तरी. सकाळी सगळे कामगार जमले असताना, तिथेच अंगणात. स्प्रिंग कुठली, कुणी घातली, चामडं का वाळलं, सगळं. कामावरून काढतील, लोक थुंकतील, अशी त्याची तयारी होती. तेच व्हावं असंही त्याला वाटत होतं. हिम्मतराव ऐकत राहिले, मग त्यांनी तपकीर ओढली. "बरं झालं सांगितलंस," म्हणाले. "पण आता तो माणूसच नाही. हे उगाळून कुणाचं भलं होणार? कामाला लाग. सहा नंबर उद्या जालन्याला जायची आहे." कामगार पांगले. बाहेर बाजारात मात्र जुनीच गोष्ट चालू राहिली, कारण तीच लोकांना आवडत होती. अंबाजी कुणी बोललं की सांगायचा, नाही हो, खराबी माझीच होती. लोकांना तो विनय वाटायचा.

छप्पन साली हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. हिम्मतरावांनी लॉऱ्या विकल्या, कारखाना बंद केला आणि ते नांदेडला गेले. अंबाजी अंबरपेठेतच राहिला. त्याने बाजाराच्या मागे स्वतःचं छोटं दुकान टाकलं. पुढच्या हिवाळ्यात एका गिरणीचं डिझेल इंजिन बघायला त्याला गुलबर्ग्याहून बोलावणं आलं. काम दुपारी संपलं. गोलनाक्याच्या शेजारणीकडून घेतलेला पत्ता सहा-सात वर्षं त्याच्यापाशी होता. तो विचारत विचारत गेला.

सुग्राने दार उघडलं. तिशीची बाई, बापासारखीच उंच. नाव सांगताच तिचा चेहरा उजळला. "अंबाजी? अब्बा तो रोज तुम्हारा नाम लेते थे. आओ, बैठो ना." तिने चहा केला, बशीत बिस्किटं ठेवली. बापाच्या शेवटच्या दिवसांबद्दल सांगत राहिली. खोकला, अंधुक झालेली नजर. "आँखें गयीं, इसलिए काम छोड़ा बोले. मालक तो छोड़ने को तैयार नहीं थे, बोले. मैं ही बोली, बस हुआ अब्बा, बहुत किये."

अंबाजीच्या हातातला कप तसाच राहिला. म्हाताऱ्याने मुलीला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. कामावरून काढलं, बाजारात फडक्यावर बसावं लागलं, काहीच नाही. ती आनंदात होती. बापाचा मान राहिला, तो इज्जतीने घरी बसला, असंच ती समजत होती.

न सांगता उठता आलं असतं. चहा चांगला झालाय म्हणून निघता आलं असतं. पण गप्प राहून काय होतं ते अंबाजीला ठाऊक होतं, आणि बोलून काय होतं तेही आता ठाऊक झालं होतं. तो बोलला. मोडकंतोडकं, त्यांच्याच दखनीत, खाली बघत बोलला.

सुग्राने शेवटपर्यंत ऐकलं. मग उठली, त्याचा अर्धा भरलेला कप आणि बशी उचलून आत गेली. अंबाजी बाहेर बसून राहिला. आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता. दोनच भांडी होती, पण आवाज कितीतरी वेळ येत राहिला. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. ती बाहेर आली नाही. शेवटी त्याने चपला घातल्या, दार हलकेच ओढून घेतलं आणि मोटार स्टँडचा रस्ता धरला.